१९९२-९३ नंतरची मुंबई आणि समकालीन कला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली उसळल्या आणि १२ मार्च १९९३ रोजी शहर साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. त्या काही महिन्यांत शहराचे राजकारण बदलले आणि कोण कोणत्या वस्तीत राहणार हेही बदलले. मुंबईतल्या चित्रकारांची साधने, त्यांचे विषय आणि प्रेक्षकाशी असलेले त्यांचे नाते याच काळात बदलले, ही गोष्ट मात्र मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. विद्यार्थी, शिक्षक आणि कलादालनात पहिल्यांदाच जाणारे प्रेक्षक या कलेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांना येथे उत्तरे देण्याचा प्रयत्न केला आहे.

दंगलींचा चौकशी अहवाल आहे, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. मग कलेने त्यात कोणती भर घातली?

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही टप्प्यांतील दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद केली. त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते, ५ अन्य होते आणि ४५ जणांची नोंद अज्ञात अशी आहे. जानेवारी १९९६ मध्ये हा आयोग गुंडाळण्यात आला, त्याच वर्षी तो पुन्हा नेमला गेला, फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल सादर केला आणि ऑगस्टमध्ये तो विधिमंडळापुढे आला. कोणी काय केले आणि कोणी काय करायचे टाळले, हे समजून घ्यायचे असेल तर हा अहवाल वाचण्याला पर्याय नाही. कला पुरावा देत नाही आणि तिने तो द्यावा अशी अपेक्षा करणे तिच्यावरही अन्यायाचे आहे.

परंतु अहवाल घटना संपल्यावर लिहिला जातो आणि तो जबाबदारी ठरवण्यासाठी असतो. ज्यांनी कोणाला मारले नाही, ज्यांचे कोणी गेले नाही, पण ज्यांनी खिडकीतून धूर पाहिला आणि खिडकी लावून घेतली, अशा लाखो मुंबईकरांचा अनुभव कोणत्याही अहवालात येत नाही. शहराची सामूहिक स्मृती मोठ्या प्रमाणात अशाच माणसांची असते. ती अर्धवट असते, लाजिरवाणी असते आणि ती बोलून दाखवायला कोणी फारसे तयार नसते. माझ्या मते १९९३ नंतरच्या कलेने या न बोलल्या गेलेल्या भागाला जागा दिली.

आणखी एक कारण आहे. एकमत असेल तेव्हा स्मारके उभारणे या शहराला चांगले जमते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक फ्लोरा फाउंटनपाशी आहे. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार तेथे आजही उभे आहेत आणि दरवर्षी तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात, कारण त्या मृत्यूंचा अर्थ काय याविषयी राज्यात वाद नाही. दंगलीत मेलेला आणि मारणारा दोघेही याच शहराचे होते. अशा मृत्यूंसाठी एकमत होत नाही आणि म्हणून दगडी चौथराही उभा राहत नाही. एकमताची वाट न पाहता आठवण ठेवण्याचे काम त्या वेळी काही चित्रकारांनी अंगावर घेतले.

त्यापूर्वी मुंबईच्या कलेत हिंसेचा विषय नव्हता का?

नक्कीच होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाटने करणारे चित्तप्रसाद पुढे अंधेरीत स्थायिक झाले आणि त्यांचे उत्तरायुष्य बरेचसे येथेच गेले. त्यांच्या दुष्काळावरील पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त केल्या होत्या. तय्यब मेहता यांनी फाळणीच्या दिवसांत महंमद अली रोडवरील घराच्या खिडकीतून जमावाने एका माणसाला ठार मारताना पाहिले. ते दृश्य त्यांचा आयुष्यभर पाठलाग करीत राहिले. त्यांची कोसळणारी माणसे, कॅनव्हास चिरणारी ती तिरकी रेषा आणि पाय बांधलेला बैल यांच्यामागे ती खिडकी आहे.

मात्र मेहतांच्या चित्रांतील माणसाला नाव नाही, पत्ता नाही आणि धर्मही नाही. तो माणूस म्हणून कोसळतो. स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिक कलेची ही थोर भूमिका होती. १९९२ नंतरच्या कलावंतांना ती अपुरी वाटू लागली, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत माणसांना नाव विचारून वेगळे काढले जात होते.

त्या काळात इतक्या कलावंतांनी कॅनव्हास सोडून मांडणशिल्पाकडे, म्हणजे वस्तू जागेत मांडून केलेल्या कलाकृतींकडे, का वळावे?

परदेशातील फॅशन आली म्हणून, असे उत्तर अनेकदा दिले जाते. त्यात थोडे तथ्य असेलही. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, उपग्रह वाहिन्या घराघरांत आल्या, प्रवास वाढला आणि बाहेरच्या प्रदर्शनांची माहिती सहज मिळू लागली. पण तेवढ्याने हा बदल उलगडत नाही, कारण अनेक कलावंतांच्या बाबतीत तो नेमका डिसेंबर १९९२ नंतरच्या एक-दोन वर्षांतच घडलेला दिसतो.

चौकटीतले चित्र पाहणारा त्याच्या बाहेर सुरक्षित उभा असतो. मांडणशिल्पात त्याला आत शिरावे लागते, जमिनीवर ठेवलेल्या वस्तूंमधून पाय जपून टाकावे लागतात, आरशात स्वतःचा चेहरा दिसतो आणि मागून कोणी आले तर दचकायला होते. शहरातल्या प्रत्येकाला आपण बघे आहोत की सहभागी, असा प्रश्न पडलेला असताना प्रेक्षकाला बाहेर उभे राहू न देणारी ही रीत कलावंतांना आवश्यक वाटली असावी. नवजोत अल्ताफ यांनी १९९४ मध्ये दंगलींच्या पार्श्वभूमीवर जहांगीर आर्ट गॅलरीत केलेले काम याच प्रकारचे होते. तुटलेले दुवे आणि त्यांचा पुन्हा लागलेला शोध, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. १९७० च्या दशकात डाव्या युवक चळवळीत वावरलेल्या कलावंतासाठी जोडलेपण हा शब्द अर्थातच राजकीय होता.

रुम्माना हुसेन यांचे नाव या संदर्भात सर्वांत आधी का घेतले जाते?

कारण त्यांच्यात झालेला बदल सर्वांत आमूलाग्र होता आणि त्याची किंमतही त्यांनी स्वतः मोजली. रुम्माना हुसेन (१९५२–१९९९) १९९२ पूर्वी चित्रे काढीत असत. मुस्लिम असणे ही त्यांनी स्वतःहून पुढे केलेली ओळख नव्हती. दंगलींच्या काळात ती बाहेरून त्यांच्यावर लादली गेली आणि सुरक्षिततेसाठी कुटुंबासह काही काळ घर सोडून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यानंतर त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि मातीची मडकी, आरसे, गेरू अशा वस्तू हाती घेतल्या.

१९९३-९४ च्या कामांत अर्धे फोडलेले मडके आरशावर ठेवलेले दिसते. आरशातल्या प्रतिबिंबामुळे ते क्षणभर पूर्ण वाटते आणि जरा जवळ गेल्यावर ते अर्धेच असल्याचे कळते. त्याची गोलाई घुमटाची आहे आणि गर्भाशयाचीही. पाडलेली वास्तू आणि बाईचे शरीर यांना त्यांनी एकाच आकारात पाहिले, कारण दंगलीत दोन्हींवर होणाऱ्या हल्ल्यामागची वृत्ती एकच असते. मराठी घरातून आलेल्या प्रेक्षकाला त्यात आणखी काही दिसू शकते. आपल्याकडे अंत्यविधीत मडके फोडतात आणि ते फोडणारा मागे वळून पाहत नाही. हुसेन यांच्या कामात मात्र फुटलेल्या मडक्याकडे पाहावेच लागते, कारण त्याच्याखाली आरसा आहे आणि त्या आरशात पाहणाराही आहे. हा संदर्भ त्यांच्या मनात होता असा माझा दावा नाही. तो आपल्या बाजूने जोडला जाणारा अर्थ आहे आणि तो जोडण्याचा आपल्याला हक्क आहे.

१९९५ मध्ये त्यांनी नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए. या कलाकेंद्रात एक सादरीकरण केले. पायांत घुंगरू, हातात मधोमध कापलेली पपई आणि आवाज न करता वासलेले तोंड, अशा अवस्थेत त्या चालत राहिल्या. किंकाळीचे सर्व अवयव तेथे होते, फक्त ध्वनी नव्हता. त्यानंतरच्या वर्षीच्या प्रदर्शनात घर आणि राष्ट्र हे दोन शब्द त्यांनी शेजारीशेजारी ठेवले. १९९७ मध्ये त्यांनी १८५७ च्या उठावात अवधचे नेतृत्व करणाऱ्या आणि काठमांडूत निर्वासित म्हणून मरण पावलेल्या बेगम हजरत महल यांच्या कबरीची कल्पना मांडणशिल्पात उभी केली. या देशासाठी लढलेल्या एका मुस्लिम राणीची कबर देशाबाहेर आहे, ही वस्तुस्थिती त्यांनी कसलेही भाष्य न करता समोर ठेवली.

१९९९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. या नव्या वाटेने काम करायला त्यांच्या हातात सहा-सात वर्षेच होती. तेवढ्या काळात त्यांनी जे केले ते पुढच्या पिढीतील अनेकांना वाट देणारे ठरले. मराठी कलासमीक्षेने त्यांची पुरेशी दखल घेतलेली नाही, ही खंत मला येथे नोंदवावीशी वाटते.

मृत माणसाच्या छायाचित्रावर कलाकृती करणे योग्य आहे का?

हा प्रश्न बहुधा विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांच्या १९९३ च्या ‘मेमोरियल’ या कामाबद्दल विचारला जातो. छायाचित्रकार होशी जाल यांनी दंगलीत टिपलेले एक छायाचित्र ‘टाइम्स ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. रस्त्यावर एक मृतदेह एकटा पडला आहे, इतकेच त्यात होते. सुंदरम दिल्लीत राहत असत. ते छायाचित्र त्यांनी पुन्हा पुन्हा हाताळले. त्यावर खिळे ठोकले, मृतदेहाभोवती खिळ्यांची कुंपणे उभारली, खिळ्यांनी तो झाकला आणि काचपेट्यांत मांडला. त्या पेट्यांमधून जाणाऱ्या वाटेवर त्यांनी पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचून कमान उभी केली. त्या आकाराला मुंबईच्या गेटवेची आठवण आहे आणि ट्रंकांना गाव सोडून जाणाऱ्यांची.

योग्यायोग्यतेचा प्रश्न गंभीर आहे. त्या मृत माणसाची संमती कोणी घेतली नव्हती आणि घेता येणेही शक्य नव्हते. पण ते छायाचित्र तोपर्यंत हजारो घरांत पोहोचले होते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत गेले होते. सुंदरम यांनी ते रद्दीतून परत काढले आणि त्या अनोळखी माणसाला जी अंत्ययात्रा मिळाली नाही ती हाताने, एकेक खिळा ठोकत, त्याला दिली, असे मी मानतो. खिळा टोचतोही आणि राखणही करतो, या दोन्ही गोष्टी त्या कामात एकाच वेळी जाणवतात. ज्यांना हे पटत नाही त्यांचा आक्षेपही मला मोलाचा वाटतो. एखाद्या समाजाला आपल्या मृतांची प्रतिमा वापरताना अडखळायला होत असेल, तर त्याच्या संवेदना शाबूत आहेत.

नलिनी मलानी आपलीच भिंतचित्रे पुसून का टाकतात?

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले आणि त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. १९९२ मध्ये त्यांनी मुंबईतील गॅलरी केमोल्ड या कलादालनाच्या भिंतींवरच थेट चित्रे काढली. राजस्थानातील नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे नष्ट होत आहेत, याकडे लक्ष वेधणे हा त्यामागचा एक हेतू होता. प्रदर्शन संपल्यावर भिंती पुन्हा पांढऱ्या झाल्या. विकण्यासारखे काहीच उरले नाही. पुढे जगभरच्या संग्रहालयांत त्यांनी अशी चित्रे काढली आणि ती पुसण्याची क्रियाही प्रेक्षकांसमोर घडवून आणली.

जर्मनीत हॅम्बुर्गजवळ हारबुर्ग येथे १९८६ मध्ये योखेन गेर्झ आणि एस्थर शालेव-गेर्झ यांनी फॅसिझमविरोधी स्मारक म्हणून शिशाचा मुलामा असलेला बारा मीटर उंचीचा स्तंभ उभारला होता. नागरिकांनी त्यावर सह्या करायच्या आणि जसजसा तो भरेल तसतसा तो जमिनीत उतरवायचा, अशी ती योजना होती. १९९३ पर्यंत तो पूर्ण गाडला गेला. स्मारक उभे राहिले की आठवण ठेवण्याचे काम आपण दगडाकडे सोपवतो आणि मोकळे होतो, ही शंका त्यामागे होती. मलानींचे पुसणे त्याच शंकेतून आले आहे, असे मला वाटते. अर्थात संदर्भ वेगळा आहे, कारण येथे पाडणारे आणि पुसणारे हात आधीच कामाला लागलेले होते.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि त्यापाठोपाठ पाकिस्ताननेही त्या केल्या. त्यानंतर मलानींनी सादत हसन मंटो यांच्या फाळणीवरील ‘टोबा टेकसिंग’ या कथेचा आधार घेऊन एक व्हिडिओ मांडणशिल्प केले. ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवले गेले. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका, त्यांच्यात लुकलुकणारे पडदे, आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी दोन टोकांनी धरून तिची घडी घालू पाहतात. मध्ये संपूर्ण दालनाचे अंतर असल्याने ती घडी कधीच पडत नाही. शाळेच्या सहली, गावाकडून आलेली कुटुंबे आणि मूर्ती पाहायला आलेले लोक सहज आत येतील अशा संग्रहालयात हे काम मांडणे हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग रंगवलेले चित्र निरुपयोगी ठरले का?

मुळीच नाही. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करीत चित्रे काढणाऱ्या सुधीर पटवर्धन यांचे १९९६ चे दंगलीवरील चित्र पाहावे. त्यांच्या आधीच्या चित्रांतून कामगार, लोकलचे प्रवासी आणि इराणी हॉटेलात बसलेली माणसे ममत्वाने रंगवलेली आहेत. दंगलीच्या चित्रात तीच माणसे दिसतात, तोच रस्ता दिसतो. ज्या माणसांवर चित्रकाराने वीस वर्षे विश्वास ठेवला त्यांच्या हातून हे घडू शकते, हे मान्य करण्याची वेदना त्या चित्रात आहे. ‘सामान्य माणूस’ या शब्दावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते अवश्य पाहावे. घाटकोपरला वाढलेल्या अतुल डोडिया यांनी दुकानांची लोखंडी शटर चित्रफलक म्हणून वापरली. बंद, संप, दंगल यांपैकी काहीही झाले की मुंबईत सर्वांत आधी खाली येते ते शटर, आणि ते वर-खाली करता येत असल्याने एकामागे एक दोन चित्रे दिसतात. जितिश कलाट यांनी गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारानंतर, २००३ मध्ये, पंडित नेहरूंचे १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचे भाषण आरशासारख्या पृष्ठभागावर ज्वलनशील चिकट द्रव्याने लिहिले आणि ते पेटवून दिले. जळालेली अक्षरे वाचताना वाचणाऱ्याचा चेहरा वाकडातिकडा दिसतो.

ही कला एका समाजाचेच दुःख मांडते, हा आक्षेप खरा आहे का?

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. दंगलीत २७५ हिंदू मारले गेले. मार्चच्या स्फोटांत २५७ माणसे गेली आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. जानेवारी १९९३ च्या सुरुवातीला जोगेश्वरीत राधाबाई चाळीत एका हिंदू कुटुंबातील माणसांना बाहेरून कडी घालून जाळण्यात आले. त्या घटनेची आठवण काढल्याशिवाय त्या महिन्याविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. बॉम्बस्फोटांवर चित्रकारांनी तुलनेने कमी काम केले, हेही खरे आहे.

तरीही वरील कामे जवळून पाहिली तर ती कोणत्याही समाजाची बाजू लढवताना दिसत नाहीत. सुंदरम यांच्या छायाचित्रातील माणूस कोण होता हे त्या कामात कोठेही सांगितलेले नाही. पटवर्धनांच्या जमावातील चेहऱ्यांवरून धर्म ओळखण्याचा प्रयत्न करून पाहावा. तो फसतो आणि आपण काय करू पाहत होतो हे लक्षात येऊन संकोच वाटतो. हुसेन मात्र स्वतःच्या जागेवरून बोलतात, पण ज्याच्यावर बेतले त्याने स्वतःच्या जागेवरून बोलणे याला पक्षपात म्हणता येणार नाही.

कलावंत दालनाबाहेर, रस्त्यावर आले का?

काही आले. रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्या १९८९ मधील हत्येनंतर दिल्लीत स्थापन झालेल्या सहमत या संस्थेने १९९३ मध्ये अयोध्येच्या बहुरंगी इतिहासावर फलकांचे प्रदर्शन केले. फैजाबादमध्ये त्याची मोडतोड झाली. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस तुषार जोग, शर्मिला सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओपन सर्कल’ हा गट उभा केला आणि कलाशाळेबाहेरच्या प्रश्नांवर कलावंतांना एकत्र आणले. शिल्पा गुप्ता यांनी २००२ नंतर कृत्रिम रक्ताच्या छोट्या बाटल्या तयार करून मुंबईच्या लोकलमध्ये प्रवाशांपुढे धरल्या. ज्या गोष्टींवर तुमचा काही ताबा नाही, म्हणजे तुमचा धर्म किंवा तुमचे राष्ट्रीयत्व, त्यांच्यासाठी मी तुम्हाला दोष देते आणि त्याने मला बरे वाटते, अशा अर्थाचा मजकूर बाटलीवर होता. गर्दीच्या डब्यात हे वाचणाऱ्याला समीक्षकाच्या मदतीची गरज नसते.

या कलेत दलितांची स्मृती कोठे आहे?

बराच काळ ती जवळजवळ नव्हती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. दंगलीनंतर इतक्या तळमळीने काम करणाऱ्या कलाविश्वात या गोळीबाराचे पडसाद तेवढ्या ताकदीने उमटले नाहीत. त्यावर आवाज उठवला तो वस्त्यांमधल्या शाहिरांनी आणि कवींनी. कलाविश्व दक्षिण मुंबईत होते, इंग्रजीत बोलत होते आणि बहुतांशी सवर्ण होते, हे याचे कारण आहे आणि ते स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत ही स्थिती बदलते आहे. प्रभाकर कांबळे यांनी २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, ‘उतरंड’ मांडली. मडक्यावर मडके रचलेली स्वयंपाकघरातील ही रचना जातींच्या श्रेणीबद्ध विषमतेचे रूप म्हणून त्यांनी वापरली आहे. सर्वांत खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार असतो आणि ते हलले तर वरचे कोणीच टिकत नाही. हुसेन यांचे फुटके मडके आणि कांबळे यांची उतरंड एकाच दालनात कधी पाहायला मिळाली, तर महाराष्ट्राच्या गेल्या शतकाविषयी पुष्कळ काही एकदम कळेल. विक्रोळीचे विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचे मोर्चे आणि सभा रंगवतात. पुण्याच्या राज्यश्री गुडी अन्न, पाणी आणि महाडच्या २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाची स्मृती यांवर काम करतात. या कलावंतांच्या घरांत ही स्मृती जयंत्या, मिरवणुका, गाणी आणि भिंतीवरच्या फोटोंमधून आधीपासूनच जिवंत होती. पुसट झालेले काही त्यांना शोधून काढावे लागले नाही. म्हणून त्यांच्या कामात मला आधीच्या पिढीपेक्षा वेगळा आत्मविश्वास जाणवतो.

दंगलीवरची कलाकृती संग्रहालयाला विकली गेली की तिची धार जात नाही का?

काही प्रमाणात जाते. ‘मेमोरियल’ आज लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. २००१ मध्ये टेट मॉडर्नने जगातील काही महानगरांवर मोठे प्रदर्शन केले, त्यात १९९२ ते २००१ ची मुंबई हा एक विभाग होता आणि समीक्षक गीता कपूर व आशिष राजाध्यक्ष यांनी त्याची मांडणी केली होती. मुंबईच्या जखमेची इतकी विचारपूर्वक केलेली मांडणी लंडनमध्ये झाली आणि मुंबईतील बहुसंख्यांनी ती पाहिलीच नाही, याचे वाईट वाटते. पण मातीची मडकी, कागद, खिळे आणि जुन्या चित्रफिती टिकवायला तापमान सांभाळणारी भांडारे आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि आपल्या सार्वजनिक संस्थांनी ती जबाबदारी वेळेवर घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांना दोष देण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.

अशा कलेवर हल्ले आणि खटले होतात. कलावंत पाठीशी उभे राहिले का?

पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या मुंबईतील घरावर १९९८ मध्ये हल्ला झाला, त्यांच्यावर देशभर खटले भरले गेले आणि २००६ पासून ते परदेशातच राहिले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील कारवाई रद्द ठरवली, तरी ते परतले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. अनेक कलावंत त्यांच्या बाजूने बोलले, पण कलाबाजारातील मोठा वर्ग गप्प राहिला. केमोल्ड दालन चालवणारे केकू गांधी यांच्यासारखी माणसे अपवाद होती. दंगलीनंतर शांतता राखण्यासाठी उभ्या राहिलेल्या मोहल्ला समितीच्या कामात ते स्वतः उतरले होते.

ही कामे आज कोठे पाहता येतील?

सर्व कामे एका ठिकाणी मांडलेले कायमस्वरूपी दालन मुंबईत नाही. फोर्टमधील केमोल्ड प्रेस्कॉट रोड, काळा घोडा परिसरातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रह यांच्या प्रदर्शनांकडे लक्ष ठेवावे. दिल्लीचे किरण नाडर संग्रहालय आणि डिसेंबर २०१२ पासून भरणारी कोची-मुझिरिस द्वैवार्षिकी येथेही यांपैकी अनेकांचे काम दिसते. खासगी दालनांत जाण्यासाठी सहसा तिकीट लागत नाही आणि काहीही विकत घेण्याचे बंधन नसते. काचेचे दार ढकलताना संकोच करू नये. घरबसल्या अभ्यास करायचा असेल तर हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने गीता कपूर आणि विवान सुंदरम यांचा दस्तऐवजसंग्रह संगणकीय रूपात खुला केला आहे. तो इंग्रजीत असला तरी त्यातील छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका आणि कात्रणे कोणालाही पाहता येतात.

शाळा-महाविद्यालयात हा विषय कसा शिकवावा?

कलाकृतीपासून सुरुवात करावी आणि इतिहास नंतर सांगावा. आरशावरचे अर्धे मडके किंवा घडी न पडणारी साडी यांचे चित्र दाखवून मुलांना काय दिसते ते आधी लिहू द्यावे. त्यानंतर आयोगाच्या अहवालातील एखादा भाग वाचावा, म्हणजे भावना आणि तथ्य यांची गल्लत होत नाही. वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुले असतील तर कोणालाही त्याच्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायला लावू नये. घरी आजी-आजोबांना त्या महिन्यांविषयी विचारण्याचा गृहपाठ द्यायला हरकत नाही, मात्र काही घरांत या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही आणि त्या मुलाने वहीचे ते पान कोरे आणले तर त्याचेही पूर्ण गुण द्यावेत.